सहावा मजला

समोरच्या इमारतीचा सहावा मजला आज उतरवतायत.
'पाडणार' असं कुठेच लिहिलेलं नाही.
नगरपालिकेच्या पत्रात 'उतरवणे' असाच शब्द,
खाली सही, वर शिक्का, मधे कॉफीचा डाग.
डाग माझा.

बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेय,
पायांवर एकहार्टचा जुना कोट.
या भिंती मीच चढवल्या होत्या.
चाळीस मीटरवर, काचेच्या डब्यात,
एका हातात दांडा, दुसऱ्यात पाव,
आणि खाली ठिपक्याएवढा डेटलेफ हातवाऱ्यांनी सांगायचा:
वर. अजून वर. डावीकडे. टेक.
पाच टनांची भिंत यायची,
खिडकी आधीच बसवलेली, काचेवर चुन्याचा फराटा,
वाऱ्यात किंचित मान वळवत.

घर नव्हतं कुणालाच.
सात वर्षं सासूच्या स्वयंपाकघरात निजलो आम्ही,
हाइडरून टेबलाच्या खणात.
संडास अर्ध्या जिन्यावर, हिवाळ्यात साखळी गोठायची.
कोळसा खालून वर, राख वरून खाली.
माझं गाव तर त्या कोळशासाठीच खणून काढलं,
चर्च, पेअरची झाडं, पुरलेली माणसं, सगळं.
तिथे आता तळं आहे. लोक पोहतात.

किल्ली मिळाली तेव्हा रस्ता नव्हता.
चिखलावर फळ्या.
बायका रबरी बूट घालून यायच्या,
दारात ते काढून टाचांचे जोडे चढवायच्या
आणि जिना असा चढायच्या की जणू नाटकाला चालल्यात.
पहिल्या रात्री नळ सोडला,
गरम पाणी आलं.
नुसतं आलं.
एकहार्ट कपड्यांसकट टबात जाऊन बसला.
वर, खाली, शेजारी, सगळीकडून तोच आवाज,
सहा मजले एकदम वाहत होते.

भिंती पातळ होत्या, खोटं कशाला बोलू.
वरच्या क्नोब्लाउखबाई शिंकल्या
की आम्ही खालून म्हणायचो, तब्येत सांभाळा,
त्या वरून आभार मानायच्या.

मग ती दुसरी भिंत पडली,
राजधानीतली, जी मी बांधली नव्हती.
खाणी मिटल्या. हाइडरून श्टुटगार्टला गेली.
क्नोब्लाउखबाई त्याहून लांब.
टीव्हीवर एक चष्मेवाला म्हणाला, माणसं ठेवायची कपाटं ही.
त्याला विचारायचं होतं,
तुमच्याकडे राख कोण काढायचं?

छप्पर गेल्यावर
खोल्यांचे कागद आभाळाला दिसायला लागले.
नारिंगी वर्तुळं. रॉकेटं.
एका न्हाणीघरात निळे मासे, एकाला डोळा नाही.
वरची माणसं कड्या शोधत होती.
कड्या गिलाव्याखाली असतात, कोपऱ्यापासून दोन वितींवर.
मला कुणी विचारलं नाही.

दुपारी वारा सुटला.
एक भिंत अधांतरी फिरायला लागली,
आधी सावकाश, मग हट्टानं.
क्रेनवरचा पोरगा खाली बघत होता, भलतीकडेच.
मी उठले. कोट पडला.
हात वर गेला, मूठ वळली:
थांब.

तो थांबला.
का, ते त्यालाच ठाऊक.
सातच खिडक्यांत माणसं उरलीत या बाजूला,
त्यातली एक म्हातारी हात वर करून उभी.
भिंत दमेपर्यंत मूठ मिटलेलीच ठेवली,
मग तळहात खाली, बोटं हलवली:
हळू. हळू रे. टेक.

ट्रकवर टेकली. काच शाबूत.
कुणी म्हणतं पोलंडला जाणार,
कुणी म्हणतं डुकरांच्या गोठ्याला.
डुकरांना खिडकी बरी.

चार वाजता माझ्या स्वयंपाकघरात ऊन आलं.
इतक्या वर्षांत यावेळी कधी आलं नव्हतं.
शेगडीमागचा तेलाचा ओघळ दिसला,
पुसला, तरी दिसतोच.
फोनवर हाइडरून म्हणाली, बरंच झालं की, आई.
झालं की.
पण बसायच्या जागेवरच डोळ्यांवर येतं.
पडदा शिवायला हवा.